बाईच्या आंब्यावरचं बांडगूळ

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आंब्यावर बांडगूळ माजलं ते माझ्या आळसामुळे, असं गाव समजतं. बायकोही तेच समजते. खरं काय ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी त्याच्याकडे रोज बघत होतो आणि ते वाढावं म्हणूनच हात लावत नव्हतो.

आमचं शेत गिरडच्या रस्त्याला लागून. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती अल्लीपूरला दिली. तिच्या लग्नात बाबांनी चारचौघांत सांगितलं होतं, धुऱ्यावरच्या आंब्याचं फळ पोरीचं. असं दिलेलं झाड फळतं तोवर भाऊ तोडत नाही. दर उन्हाळ्यात बाई आणि भाऊजी रिकामी पोती घेऊन यायचे. भाऊजी कैऱ्या उतरवायचे, अंगणात फोडी पडायच्या, मोहरीच्या वासाने डोळे चुरचुरायचे. बायको आणि बाई दिवसभर एकमेकींना चिमटे काढायच्या. जाताना लोणच्याची एक बरणी आमच्यासाठी राहायची.

त्या झाडाची सावली कपाशीवर पडायची. तेवढ्या ओळी खुरट्या राहायच्या. बाबा गेल्यावर शेत माझ्या हाती आलं आणि त्या ओळी डोळ्यात सलू लागल्या. तोडायचं तर बाईला विचारावं लागलं असतं. तेवढी हिंमत नव्हती. अशात आंब्यावर पुन्हा बांडगूळ आलं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाचं फळ खातो. बी इतकं चिकट, की ते त्याला फांदीवर पुसून काढावं लागतं. तिथंच ते रुजतं, साल भेदून लाकडात शिरतं आणि झाडाने जमिनीतून ओढलेलं पाणी आपल्याकडे वळवतं. अन्न ते उन्हात स्वतः तयार करतं, पण पाण्याच्या बाबतीत त्याला धीर नाही. उन्हाळ्यात झाड पाणी राखून वापरतं. हे पीतच राहतं. ते शिरतं तिथं फांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढची फांदी वाळते. नुसतं ओरबाडून भागत नाही, गाठीच्या बरंच खालून फांदी तोडावी लागते. एका सकाळचं काम. हिवाळ्यात शेंदरी फुलं आली की बांडगूळ लांबून दिसायचं आणि बाबा करवत घेऊन चढायचे.

मीही एकदा चढलो. एक गाठ कापली, ती वर्गात दाखवायला. वेळेवर न काढल्यास झाडाचं काय होतं ते पोरांना नीट समजावून सांगितलं. बाकीच्या गाठी वर तशाच ठेवल्या.

बाईच्या नजरेतून बांडगूळ सुटलं नव्हतं. "काऊन रे बाबू, आंब्याले दाढी फुटली ना! हजामत कर त्याची."

"करतो ना बाई. सुटी लागू दे."

"तुह्या सुटीच्या भरवशावर त्याची दाढी माह्या कमरेले लागन."

सगळे हसलो. मीही.

मग मोहर विरळ झाला, पुढे यायचाच थांबला. त्याच सुमारास भाऊजी गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई एकटी आली. रस्त्यावरूनच झाड बघून तिचा चेहरा खुलला. "पाह्य, कसं हिरवं हाय अजून!" ते हिरवं बांडगुळाचं होतं. खाली येऊन तिने वर बघितलं. एक कैरी नव्हती. बुंध्याला टेकवलेला हात तिने काढून घेतला.

"माह्याच पायगुणाचं हाय हे. मानूस गेला, आता झाड गेलं. मी नाई येत आता, बाबू. तुह्या पिकाले नको लागाले."

"काईच्या काई बोलता बाई!" बायको म्हणाली.

बांडगुळामुळे वाळलं, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिने लगेच विचारलं असतं, मग काढलं काऊन नाई? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

तेव्हापासून ती राहायला आलेली नाही. मी फोनवर म्हणतो, "येजो ना बाई, दोन दिवस." ती म्हणते, "पाहू." माझ्या पोरीच्या लग्नाला आली, तर मांडवात मागच्या खुर्चीवर बसून राहिली, हळद लावायला उठली नाही. उन्हाळ्यात कोणाच्याही अंगणात मोहरी भाजली, की मला फाटकाशी तिचा आवाज ऐकू येतो, पोते उतरवा रे, मी काय हमाल हाय? बघायला उठतो. नसते ती.

झाडाचा आता सांगाडा उरलाय. पाणी देणारं वाळलं, तसं बांडगूळही वाळलं. सावली गेली. त्या ओळींतली कपाशी यंदा माझ्या छातीला लागली. जे हवं होतं ते मिळालं आणि मी त्या बाजूने शेतात जात नाही.

बाईसमोर बसून, बायकोच्या देखत, मला सांगायचं आहे की झाड तुझ्या पायगुणाने गेलं नाही, मी ते मरू दिलं. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.