किल्लीमामांचा चार मिनिटांचा व्हिडिओ

किल्लीमामा एकवीस वर्षं लोकांची बंद दारं उघडून देत होते. दुकान म्हणजे एक टेबल, किल्ल्या कापायचं यंत्र आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. स्वभाव सावकाश. घाईत आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी स्टुलावर बसवत. घाईतला माणूस हमखास चुकीची किल्ली पुढे करतो, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या वर्षी मेहुण्याने त्यांना वेबसाइट करून दिली. मेहुणा समारंभांचं शूटिंग करायचा. त्याच्याकडे कॅमेरा मोठा होता आणि काटछाट त्याला मुळीच मंजूर नव्हती. साइट उघडली की आधी व्हिडिओ. मामा दुकानातून बाहेर येतात, चष्मा काढतात, पुसतात, उजेडात धरून बघतात, पुन्हा पुसतात आणि मग बोलायला लागतात. एकूण चार मिनिटं. फोन नंबर खाली होता, पण व्हिडिओ आल्याशिवाय खालचं काही दिसायचंच नाही, अशी मेहुण्याने सोय केली होती.

"म्हणजे न बघता कोणी पुढे सटकणार नाही," तो म्हणाला. मामांना ते फार पटलं.

मामांच्या फोनवर व्हिडिओ चटकन उघडायचा, कारण एकदा येऊन बसलेला तो तिथून हललाच नव्हता. दुकानात येईल त्याला ते कौतुकाने दाखवायचे. गिऱ्हाइकांचे फोन मात्र कमी झाले. त्याचं खापर मामांनी कुलपांवर फोडलं. "हल्ली कुलपं बिघडतच नाहीत," ते मामींना सांगत.

एका दुपारी मामी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आल्या आणि मागे दार धाडकन बंद झालं. अंगावर गाऊन, ओल्या केसांना टॉवेल, फोन आत. शेजारणीने आपला फोन पुढे केला.

"नंबर सांगा."

मामींना नंबर पाठ नव्हता. नवरा त्यांच्या फोनमध्ये 'अहो' या नावाने होता. 'अहो' दाबलं की लागायचा, मग पाठ कशाला करतंय कोण? तेवढ्यात त्यांना वेबसाइट आठवली.

दोघी जिन्यात बसल्या. पडद्यावर चाक फिरायला लागलं. सहा मिनिटांनी मामा दुकानाबाहेर आले, त्यांनी एक पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. पुन्हा चाक. बऱ्याच वेळाने पाय टेकला. चष्मा निघाला, पुसायला सुरुवात झाली आणि मामा पुन्हा थिजले.

"तुमचे हे फार सावकाश आहेत हो," शेजारीण म्हणाली.

"घरीही असेच," मामी म्हणाल्या आणि उठल्या. टॉवेलसकट दोन गल्ल्या ओलांडून त्या दुकानात पोचल्या, तेव्हा मामा एका गिऱ्हाइकाला व्हिडिओच दाखवत होते.

"अगं, तू अशी?"

"चष्मा पुसताय तिथपर्यंत पाहिलं. पुढे काय होतं ते विचारायला आले."

मामांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. हत्यारांची पिशवी घेतली, शटर ओढलं आणि बायकोच्या मागोमाग निघाले. स्वतःच्या घराचं कुलूप त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा असं उघडलं. वाटेत ते एकदाच म्हणाले होते, "तुझ्याच भावाने केलाय." त्यावर मामींनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर हा विषय कायमचा मिटला.

रविवारी भाचीला बोलावलं. ती एका कंपनीत वेबसाइटचंच काम करायची.

"मामा, हा व्हिडिओ सिनेमागृहाच्या पडद्यावर दाखवण्याएवढा मोठा आहे," ती म्हणाली. "लोक बघणार तळहाताएवढ्या फोनवर. मी तो आकाराने लहान करते. दिसायला तसाच दिसेल. आणि आपोआप सुरू नको व्हायला. आधी नंबर, खाली तुझा एक फोटो. फोटोवर बोट लावलं, तरच व्हिडिओ येईल."

"आणि नाही लावलं तर?"

"तर नाही येणार."

मामांनी चष्मा काढून पुसला. "अगं, अनोळखी माणूस आपल्या घराचं कुलूप उघडतोय, म्हटल्यावर लोकांना तो कोण, कसा बोलतो, हे कळायला नको?"

भाचीला ते पटलं. "कळेल. पण आधी त्यांना तुला फोन तर करू दे."

फोटो व्हिडिओमधूनच काढायचा होता. त्यात तास गेला. डोळे उघडे असतील तिथे तोंडही उघडं. दोन्ही ठीक असलेलं एकच चित्र सापडलं, त्यात कोपऱ्यात मेहुण्याचा अंगठा होता. भाचीने अंगठा कापून टाकला.

मग मामी शेजारणीचा फोन घेऊन जिन्यात बसल्या. मामांनी आतून मोजायला सुरुवात केली. "दोन" म्हणायच्या आधीच त्यांच्या खिशातला फोन वाजला.

आठवड्याभरात कामं वाढली. कुलपं बिघडतच होती, असं निष्पन्न झालं. मामा मात्र रोज भाचीला विचारत, "आज कोणी बोट लावलं का?" पहिले काही दिवस ती उत्तर टाळायची. मग एकदा तिनेच आपणहून फोन केला. लोक आधी नंबर लावतात आणि मामा येईपर्यंत दाराबाहेर बसून व्हिडिओ बघतात, असं साइटच्या नोंदींवरून दिसत होतं.

त्याचा प्रत्यय मामांना लगेच आला. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका पायरीवर बसून वाट बघत होत्या.

"पूर्ण पाहिला तुमचा व्हिडिओ," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही 'कुलूप बिघडली' म्हणता. 'बिघडलं' पाहिजे."

"हो बाई," मामा गुडघ्यावर बसत म्हणाले. "आवडला का पण?"

"लांब आहे. पण इथे बसून दुसरं काय करणार?"

त्या दिवशी मामांनी घरी येऊन चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच मामींना सांगितलं, "एक बाई होत्या. चांगल्या शिकलेल्या. पूर्ण पाहिला म्हणाल्या."