भाऊजींची ओटी

मुलुंडच्या एका महिला मंडळाने माझ्या धाकट्या दिराला फसवलं. भरल्या सभागृहात, माइकवरून, हसत हसत फसवलं. त्याच्या हक्काची ओटी त्याच्याच बायकोच्या पदरात घातली आणि वर टाळ्या वाजवल्या.

आता मुळात दिराची ओटी कसली, असं कुणी विचारेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या भाऊजींसारखी फुगडी घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात एकाही बाईला घालता येत नाही. माणूस दिसायला दरवाजाएवढा. मिशा अशा, की रिक्षावाला भाडं नाकारायच्या आधी दोनदा विचार करतो. ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात उभा जन्म क्रेन चालवली. पण झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणं, मंगळागौरीचा कुठलाही खेळ काढा, भाऊजींना तो येतो, आणि तुमचं कुठे चुकतंय तेही येतं. याचं कारण साधं आहे. त्यांना तीन मोठ्या बहिणी. फुगडीला जोडी लागते आणि तिघींत एक जण कायम उरायची, म्हणून चौथा भिडू यांना केलं. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग मिसरूड फुटलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडकीतून सांगितलं, "पुरे आता, बायल्या होशील." त्या दिवसापासून त्यांनी फुगडी सोडली, ती थेट रिटायर झाल्यावर पुन्हा धरली, आमच्या ग्रुपसाठी.

ग्रुप माझा आहे. म्हणजे नाचतात बाकीच्या, सुपाऱ्या मी घेते. फुटपाथवर स्टीलचे डबे विकत विकत घाटकोपरला भांड्यांचं दुकान केलेली बाई आहे मी. श्रावणात मंगळागौरीचे खेळ ठरवायला येणाऱ्या यजमानीणबाई माझ्याशी घासाघीस करून दमतात आणि जाताना म्हणतात, "तुम्ही बाई नाहीच हो, गडी आहात गडी!" ही शाबासकी असते, मी ती घेते. पण भाऊजी आमच्या तालमीला येऊ लागले, तेव्हा आमच्याच बिल्डिंगीतले लोक जिन्यात त्यांच्याबद्दल जे बोलायचे, ते शाबासकीच्या सुरात नव्हतं. मी बाप्यासारखी वागले तर माझा भाव वाढतो आणि तो बाईसारखा नाचला तर त्याचा पडतो. एवढी वर्षं धंदा केला, पण हे गणित मला कुणी समजावून दिलेलं नाही.

सुरुवातीला ग्रुपमधल्या दोघी-तिघींचे नवरे कुरकुरले, की तालमीत पुरुष कशाला. भाऊजींनी वाद घातला नाही. सोसायटीच्या हॉलबाहेर जिन्यावर, आमच्याकडे पाठ करून बसायला लागले. बाहेरून नुसत्या आवाजावर शिकवायचे. "डावीकडून तिसरी, पाय उशिरा पडतोय गो तुझा!" तिसरी खरंच उशिरा असायची. "ही काय फुगडी? मिक्सरचं झाकण धरून उभ्या राहिल्यासारख्या काय थरथरताय? मागे झुका, मागे! ताकद कसली लावता, समोरचीवर भरवसा ठेवा." एकदा एक जण आवाज न करता हळूच खाली बसली, तर बाहेरून प्रश्न आला, "कोण दमली?" त्यानंतर नवऱ्यांनीच त्यांना आत बसायची परवानगी दिली. पाठीला डोळे असलेला माणूस बाहेर बसला काय आणि आत बसला काय.

नऊवारी शिकवायची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी. बायकांना हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. म्हणून ते माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मोठ्या भावाला, मध्यभागी उभं करतात आणि त्याच्यावर साडी नेसवून दाखवतात. माझा नवरा पँटवरून काष्टा घालून घेतो आणि मोबाइलवर क्रिकेट बघत निमूट उभा राहतो. "दादा, श्वास सोड." तो सोडतो. "आता बघा, ओचा इथे आला पाहिजे, नाहीतर पिंग्यात सुटेल." एकदा विकेट पडली म्हणून दादा उडी मारून ओरडला, तरी साडी जागची हलली नाही. भाऊजी म्हणाले, "याला म्हणतात नेसणं!"

तर गेल्या श्रावणात मुलुंडला स्पर्धा होती. जिंकणाऱ्या ग्रुपच्या मार्गदर्शकाचा स्टेजवर सन्मान, असं जाहीर झालेलं. मी अध्यक्षाबाईंना स्वतः फोन केला. म्हटलं, आमचे मार्गदर्शक पुरुष आहेत, आत्ताच सांगते, नंतर कटकट नको. त्या म्हणाल्या, "अय्या, किती छान! घेऊन या ना त्यांना." मी ठरलेला सौदा ठरलेला मानते. भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, "माका कशाक व्हया सन्मान?" आणि दुसऱ्या दिवशी मिशा कोरून आले. शर्ट नवा होता. विचारलं तर म्हणाले, जुनाच आहे. कॉलरला दुकानाचं लेबल लटकत होतं, ते मी तोडलं.

आम्ही जिंकलो. माइकवरून नाव पुकारलं, "मार्गदर्शक सौभाग्यवती..." आणि पुढे भाऊजींचं नाव, वडिलांच्या नावासकट. सवयीने लावलं असेल सौभाग्यवती. भाऊजी उठून उभे राहिले. सभागृह खदखदून हसलं. स्टेजवर अध्यक्षाबाई तबक घेऊन उभ्या. त्यात खण, नारळ, तांदूळ. त्या तबकाकडे बघतात, मिशांकडे बघतात, परत तबकाकडे. मग माइकवरच म्हणाल्या, "अगंबाई! पुरुषाची ओटी कशी भरायची? तुमच्या मिसेसना पाठवा ना वरती!"

मिसेस म्हणजे माझी जाऊ. जिने जन्मात एक गिरकी घेतलेली नाही. ती बिचारी मानेनेच नको नको म्हणत होती. भाऊजींनीच तिचा हात धरून तिला उठवलं. "जा गो, नारळ तरी मिळेल. उद्या सोलकढी करू." लोकांना वाटलं, काय खेळकर माणूस आहे! मी शेजारी होते. खाली बसताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मग पुढचं काही बघितलं नाही.

मी स्टेजवर गेले. म्हटलं, शाल नसेल तर टॉवेल द्या, टॉवेल नसेल तर नुसतं नाव नीट घ्या, पण त्याला वर बोलवा. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "कार्यक्रम पुढे न्यायचाय हो. आणि केवढ्या भांडता, अगदी पुरुषासारख्या!" पहिल्यांदाच ते मला शाबासकीसारखं लागलं नाही. परत येताना भाऊजीच मला समजावत होते, "वहिनी, तू कित्याक तापतंस? त्यांनी मुद्दाम नाय केल्यानी." तेच तर. मुद्दाम केलं असतं तर मी निस्तरलं असतं.

यंदा तालीम सुरू झाली आहे. भाऊजींनी सांगून टाकलं, "माका आता जमाचा नाय. तुमीच बघा." बायका भाऊजींच्या घराखालच्या हॉलमध्ये नाचतात, चुकतात, कुणी ओरडत नाही. मी परवा डबा द्यायला त्यांच्याकडे गेले, तर ते ओट्याशी बांगडे साफ करत होते आणि खालून येणाऱ्या टाळ्यांवर त्यांची टाच हलत होती. एका जागी खाली ठेका चुकला. टाच थांबली. त्यांनी सुरीखालचा मासा उलटा केला, एवढंच.

तेव्हा त्या मंडळाच्या अध्यक्षाबाईंना माझं सांगणं आहे. पुरुषाची ओटी भरता येत नाही म्हणता, मान्य. मग त्याचं कौतुक कशात भरून देतात, ते मला येऊन सांगा. फोनवर नको. दुकानात या, समोर बसा, आणि सांगा.