सारवलेल्या अंगणातले ठसे

मी पडलो तो कांदा साठवायच्या बराखीवरून. बराखीवरची ताडपत्री सैल झाली होती, ती आवळायला चढलो आणि ज्या ताडपत्रीवर उभा होतो तिचीच दोरी सोडली. आमच्या डिंगोरे गावात एवढी अक्कल दुसऱ्या कुणी दाखवल्याचं ऐकिवात नाही. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आला आणि माझी खाट पडवीत आली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन आडवा झालो. दुखत होतं हे खरं, पण त्याहून भीती होती. डोळे मिटले की पायाखालची ताडपत्री सरकायची. हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं सोपं. भेटायला येणाऱ्या पावण्यांना मी पडण्याची गोष्ट रंगवून सांगायचो. दर खेपेला बराख फूटभर उंच व्हायची.

आई मात्र हसायची नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवू दिले नव्हते, स्वतः शेणानं सारवायची. तिचं एकच मागणं होतं. पडवीच्या दोन पायऱ्या उतरून मी समोरच्या गोठ्यापर्यंत चालत यावं. रोज विचारायची, रोज मी उद्यावर ढकलायचो.

एकदा तिनं अंगण सारवलं आणि ती गवताला गेली. बायको टोमॅटोच्या तोडणीला गेली होती. पडवीत टोमॅटोच्या बांधणीचे बांबू रचलेले होते. मी खाटेवर बसूनच एक उचलला आणि ओल्या सारवणात वॉकरचे वाटावेत असे ठसे उठवले. चार-चार, बांबू पोचेल तिथवर. कारागिरीवर मी खूष होतो.

आईनं भारा टाकला. बराच वेळ खाली बघत राहिली.

"वॉकरचे ठसे दिसत्यात," ती म्हणाली. "तुझी पावलं कुठं हायेत?"

"मी अलगद टाकतो ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली, "मला फसवून काय मिळणार रं तुला? दोन पायऱ्या उतर. मी हाय तोवर एकदा चालताना बघू दे."

मी म्हणालो, सोमवारी नक्की.

सोमवार आला तसा गेला. बुधवारी दुपारी गोठ्यात बादली पडल्याचा आवाज झाला. मी हाक मारली. म्हैस ओरडली, आई नाही. बायकोला फोन लावला, ती दोन वावरं पलीकडे होती. मग वॉकर ओढला आणि उभा राहिलो. घाम फुटला, पण उभा राहिलो. पडवीच्या कडेपर्यंत गेलो. पुढं पायऱ्या होत्या. वॉकर खालच्या पायरीवर ठेवायचा की आधी पाय टाकायचा, हे मला येत नव्हतं. शिकलोच नव्हतो. तिथं उभा राहून मी नुसता "आई, आलो, आलो" म्हणत होतो. बायको धावत आली ती माझ्यासमोरून गोठ्यात गेली. बाहेर आली तेव्हा तिला काही विचारावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, जवळ कुणी असतं तरी उपयोग झाला नसता. हे त्यांनी तपासून सांगितलं की माझं तोंड बघून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता काठीशिवाय हिंडतो. बाजारात लोक पाठीवर थाप मारतात, "लई लवकर सुधारलास राव." मी हसतो, बराखीची गोष्ट सांगतो. धार काढायला आता मीच जातो. खाटेपासून गोठ्यापर्यंत बावीस पावलं भरतात. त्या दुपारी मी सात टाकली होती.