सव्वीस मिनिटांचा पोल्का

अंकलनी मूठ वर केली. मूठ वर म्हणजे शेवटचा फेरा, मग थांबायचं. मी मान खाली घातली आणि वाजवतच राहिले. कारण पडद्याच्या मागे, अकॉर्डियनच्या डब्यात, माझं पोरगं झोपलं होतं.

नीट सांगते. मी सिंगापुरात पोल्का वाजवते. हसू नका. माहेर कणकवलीजवळ, शाळा नववीपर्यंत, बाबा भजनीबुवा, म्हणून पेटी येते. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच. उजवीकडे तशाच पट्ट्या, डाव्या हाताने भाता ओढायचा, आणि त्याच हाताची बोटं बटणांवर. पोल्का म्हणजे दोनच ठोके, धम-चक, धम-चक, त्यावर जोडीने उड्या मारत गोल फिरायचं. कुठल्या थंड मुलखातला नाच, पण अंकल लॉरेन्सनी इथे बेडोकच्या क्लबात आजी-आजोबांसाठी चाळीस वर्षं तोच वाजवलाय. जाहिरातही स्वतःच करतात. अजून हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉलमध्ये, टेबलाटेबलावर कागद वाटत फिरतात. लोक त्या कागदावर कॉफीचा कप ठेवतात, तरी वाटतात. अकॉर्डियनच्या ओझ्याने खांदा गेला तेव्हा ते ड्रमवर बसले आणि अकॉर्डियन माझ्या गळ्यात आलं.

त्या रविवारी नवऱ्याला तुआसला ड्युटी. तो जहाजं दुरुस्त करतो, रविवार-बिविवार काही नसतो. पोराला, शिवांशला, सांभाळणाऱ्या शेजारच्या आंटींना सकाळीच ताप. आणि अंकलनी मागच्याच महिन्यात बजावलेलं. तेव्हा शिवांश मध्येच रडला होता, आणि एका आजोबांचा पाय चुकून आजी पडता पडता वाचल्या होत्या. “गर्ल, नेक्स्ट टाइम बेबी कम, यू डोन्ट कम.”

त्यात अंकलचा फोन. “टुडे मॅडम लिम कमिंग. शी डिसाइड. कॅनॉट मिस्टेक, हां?”

मॅडम लिम म्हणजे क्लबच्या कमिटीतल्या. त्यांना आमचा रविवारचा हॉल काढून फिटनेस क्लासला द्यायचा होता. म्हणजे अंकलचा पोल्का बंद आणि माझं काम पण. घरी कोणाला ठेवू? कोणालाच नाही. हौगांगच्या घरून प्रॅम घेऊन मेट्रोने, एमआरटीने, निघाले, अंकलच्या तासभर आधी पोचले. अकॉर्डियन क्लबच्याच कपाटात असतं. ते काढलं आणि रिकामा डबा पडद्यामागे ठेवला. आत लाल मखमल, मऊ. झाकण पडायला नको म्हणून ओढणीने मागे खांबाला बांधलं. पोराला आत निजवलं. खुर्ची अशी लावली की पडद्याच्या फटीतून त्याचं नाक दिसेल.

पहिला पोल्का वाजला, तो शांत. संपला, टाळ्या पडल्या, आणि फटीतून “अँ” आलं.

तेव्हा मला कळलं. हा पोटात असताना सगळे नऊ महिने मी अकॉर्डियन पोटावर धरून सराव केला होता. ह्या पोराला भाता चालू असला की झोप लागते, थांबला की जाग येते. मी लगेच दुसरा धरला. तिसरा त्याच्या शेपटाला जोडला. थांबायचंच नाही.

आता इथली माणसं अशी, की गाणं संपल्याशिवाय कोणी फ्लोअर सोडत नाही. पंधरा-सोळा जोड्या गोल गोल फिरतायत. एका आजोबांनी मॅडम लिमना हात धरून आत ओढलेलं. पहिल्या फेरीत माझ्यासमोरून जाताना त्या म्हणाल्या, “सो नाइस!” पुढच्या फेरीला, “वेन फिनिश?” त्याच्या पुढच्या फेरीला नुसता श्वास.

अंकलनी पुन्हा मूठ दाखवली. मग दोन्ही मुठी. मग ड्रमवरूनच ओरडले, “गर्ल! यू सिक, इझ इट?”

“लास्ट वन, अंकल!”

“यू से लास्ट वन सिक्स टाइम ऑलरेडी, ला!”

मला अकरा पोल्का येतात. अकरा संपले. भीतीने डोकं बंद पडलं आणि बोटांवर बाबांच्या भजनाच्या चाली आल्या. धम-चकवर चढवल्या. भजनात शेवटाकडे लय वाढवायची, ते अंगात भिनलेलं, म्हणून लय पण वाढली. बेडोकचे आजी-आजोबा कणकवलीच्या भजनावर उड्या मारू लागले. एकाची टोपी उडाली, ती उचलायला पण कोणी थांबलं नाही.

मग मॅडम लिमच्या हातातलं घड्याळ वाजलं. टिंग. पावलं मोजणारं घड्याळ, दिवसाची पावलं पुरी झाली की वाजतं, इथे सगळ्या म्हाताऱ्यांच्या हातात असतं. मग दुसरं टिंग, तिसरं. हॉलभर टिंग टिंग टिंग, देवळातल्यासारखं.

आणि माझा डावा हात मेला. भाता आपोआप मिटला.

मग डब्यातून असा टाहो फुटला की मॅडम लिम मटकन जवळच्या खुर्चीत बसल्या.

अंकलनी पडदा सरकवला. लाल मखमलीत माझा शिवांश, मुठी वर करून. मी रडायलाच लागले, “सॉरी अंकल, सॉरी, आंटीला फीव्हर, मी ह्याला कुठे ठेवू?” अंकलनी डब्यात वाकून बघितलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, “फॉर्टी इयर्स आय प्ले. फर्स्ट टाइम समबडी क्राय फॉर वन मोअर.”

मॅडम लिम अजून धापा टाकत होत्या. घड्याळ बघत म्हणाल्या, “ट्वेन्टी-सिक्स मिनिट्स, नॉन-स्टॉप. धिस वन इज एक्सरसाइज, व्हॉट. कीप द हॉल.”

हॉल राहिला. फक्त बोर्डावर आता ‘पोल्का’ नाही, ‘सीनियर फिटनेस’ असं लिहितात. अंकल आठवडाभर चिडले होते. “आय ॲम आर्टिस्ट, नॉट जिम!” पण वाटायचे कागद त्यांनी नवीन छापून घेतले.

शिवांश आता दर रविवारी येतो. अंकलच डबा उघडून ठेवतात. पाय बाहेर यायला लागलेत, म्हणून बास गिटारचा जुना डबा शोधतायत.

बाबा म्हणायचे, वाजवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. बरोबर आहे. पण आधी पडद्यामागे कोण झोपलंय ते बघून घ्यावं.