पत्त्यातली शिवलेली नऊवारी

आता हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही!

मी पुण्याचा, राहतो कानडी मुलखात, सर्जापूर रोडला, काम इंटरनेटवरच्या जाहिराती लिहिण्याचं. चिकपेटात अण्णांचं साड्यांचं दुकान आहे. अण्णा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. त्यांची जाहिरात मी केली.

काही शोधलं की वर जाहिरात येते ना, तिच्यात वेबसाइटचा पत्ता दिसतो. त्यापुढे तिरकी रेघ मारून आपल्या मनाचे दोन शब्द जोडता येतात. तसं पान वेबसाइटवर नसलं तरी क्लिक केलेला माणूस पहिल्या पानावर पोचतोच. मी ऐटीत जोडलं: शिवलेली-नऊवारी/आजच. लोक हेच शोधतात!

अण्णा नऊवारी शिवून देतात का, एवढंच विचारायचं राहिलं.

शनिवारी शाबासकी घ्यायला दुकानात गेलो, तर एक नागपूरच्या काकू मोबाइल नाचवत आल्या. "शिवलेली नऊवारी दाखवा. उद्या सकाळी इथंच मुलीचं लग्न आहे."

"शिवलेली? आमच्याकडं नुसती साडी मिळते, अक्का."

"मग हे काय लिहिलंय? हे वाचून मी आमच्या शिंप्याला नको म्हटलं!" काकूंचा आवाज रडवेला झाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तो पत्ता नुसता दिसण्यापुरता असतो."

"सरी, बरं," अण्णा शांतपणे म्हणाले. "ते यांना सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन शेजारच्या शिंप्याला घेऊन आलो.

शिंपी म्हणाला, "दोन तासांत शिवतो. पण नवरीला बोलवा, अंगावर बघावं लागेल."

"तिच्या हातापायांवर ओली मेंदी आहे हो!"

"उंची किती?"

"पाच फूट पाच. अंगानं बारीक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझी उंची पाच फूट पाच आहे, हा काय माझा गुन्हा?

दोन तास मी काउंटरवर नऊवारीत उभा होतो. शिंपी टाचण्या लावत होता, काकू म्हणत होत्या, "पोट आत घे रे!" रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. साडी मात्र झकास झाली. काकू डोळे पुसत गेल्या.

अण्णा म्हणाले, "आता शिंपी कायम आपल्याकडं. पत्ता तोच ठेव, आणि ते पान खरंच कर. फोटो मी काढलाय."

केलं पान. तेव्हा शोधताना तुम्हाला मिशीवाली नवरी दिसली, तर मला फोन करू नका. आईचा येऊन गेलाय.