फ्रेंच शब्दाची हाक

सूर्यमाळला आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर टेकडीच्या टोकावर, मोहाच्या झाडाखाली जायचं. यंदाच्या उन्हाळ्यात माझा फ्रेंचचा वर्ग तिथंच भरायचा. जव्हारला नर्सची नोकरी करता करता मी कॅनडाला जायचं मनात घेतलं होतं, आणि तिथं फ्रेंच येणाऱ्यांना आधी घेतात म्हणे. आईला मात्र ‘परीक्षा आहे’ एवढंच सांगितलं होतं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी गेले की ती एकटी. खरं सांगायला जीभ रेटेना.

मी शब्द गिळते, ही शिकवणाऱ्या बाईंची रोजची कुरकुर. नर्सला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘अँफिरमिएर’. त्याचे तुकडे पाडायचे: अँ, फिर, मिएर. सगळे सारखे बोलायचे, फक्त शेवटचा जरा लांबवायचा. मला ते काही केल्या जमेना. मग एका दुपारी लक्षात आलं, आम्ही डोंगरावरून हाक मारतो ती अशीच तर असते! उठले, खाली पाड्याकडे तोंड केलं आणि खच्चून ओरडले, “अँ... फिर... मिएऽऽर!”

बाई मोबाइलमधून ‘शाब्बास’ म्हणाल्या. खाली मात्र धावपळ उडाली. वैशाखात टोकावरून लांबलेली हाक आली की तिचा अर्थ एकच, वळणावर पाण्याचा टँकर दिसला. शब्द कोण ऐकत बसतंय? बाया हंडे घेऊन विहिरीकडे पळत सुटल्या. आई सर्वांत पुढे, हाताला नागलीचं पीठ तसंच.

मी धापा टाकत खाली गेले. रस्ता मोकळा. “दुसऱ्या पाड्याला वळला मेला,” शेजारची काकी म्हणाली, आणि मी मान डोलावली. करून सवरून नामानिराळी! बाया ड्रायव्हरला शिव्या घालत परतल्या. आई एकटीच विहिरीच्या काठावर बसून राहिली. तिचे कोरडे हंडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“टँकर नव्हताच ना?” तिनं विचारलं.

“नव्हता,” मी म्हटलं.

“मंग कोणाला हाक मारत व्हतीस?”

मी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडायलाच आलं. ती हातावरचं पीठ चोळून काढत राहिली.

“लांब हाय?”

“खूप लांब, आये.”

ती उठली. हंडा उचलला.

“मंग एवढ्या आवाजानं हाक तिथं कशी आयकू जाईल? मोठ्यानं मार.”