आषाढातली लाल गाडी

मुलांनो, तुमच्या आजोबांना पंचाहत्तरी गाठण्याआधी ती वेगवान लाल गाडी चालवायची होती. तिला इतकी मागणी होती की शोरूमवाले ठरलेल्या किमतीवर दोन लाख जास्त मागत होते. आपला शेजारी तिथेच विक्रीचं काम करतो. खिशाला दोन पेनं लावून तो घरी आला आणि त्या दोन लाखांची यादी वाचू लागला.

"मॅट कंपल्सरी. सुगंध कंपल्सरी. पॉलिश कंपल्सरी, अल्वा अज्जी?"

'अल्वा' म्हणजे कानडीत 'हो ना?'; ते तो प्रत्येक वाक्याला जोडतो. मी पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत गेले. दर वेळी तो मान डोलवायचा, "बरोबर हाय, अज्जी." सगळी यादी खोडून झाली, तरी बेरीज तीच राहिली. आजोबा उठून बागेत गेले.

मग आषाढ लागला. हा महिना अशुभ मानून इथं कानडी मुलखात कोणी नवी गाडी घेत नाही. शेजारी तर नवा झाडूसुद्धा आणत नाही. एक दिवस तो कुंपणावरून हळूच म्हणाला, "एकानं नको म्हटलेली लाल गाडी उभी हाय. आषाढात वरचे पैसे कोण देणार? तुम्ही आषाढ मानत नाही, अल्वा?"

"नाही मानत."

"मी मानतो की, अज्जी!" तो कळवळून म्हणाला.

गाडी न्यायला गेलो तेव्हा त्यानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली, घरून आणलेला नारळ फोडला आणि मगच आजोबांच्या हातात किल्ली दिली. लिंबा-नारळाचे पैसे द्यायला मी पर्स उघडली.

"राहू द्या, अज्जी. लिंबू कंपल्सरी. पण फुकट."